करवंदांचा जाम : पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकणारा

वैशाखात सातपुड्यातली करवंदं जळगाव, चोपडा, शहाद्याच्या बाजारात उतरतात, तेव्हाच जाम करून घ्यावा. पावसात भिजलेली करवंदं पाणचट होतात, आटवायला फार वेळ लागतो आणि तेवढ्यात रंग काळवंडतो.

१ किलोमध्ये पाऊण किलो काळी, पिकलेली आणि पाव किलो लालसर, अर्धी कच्ची घ्या. जाम घट्ट धरतो तो फळातल्या पेक्टिनमुळे, आणि फळ पिकत जातं तसं ते कमी होतं. नुसत्या काळ्या करवंदांचा जाम चवीला छान, पण पोळीवरून ओघळतो. अर्धकच्ची घातली की वेगळं पेक्टिन नको, लिंबूही नको.

करवंदांचा चीक बोटांना चिकटतो, म्हणून हाताला तेल लावून देठं काढा. दोन-तीन पाण्यांतून धुवा. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात ३०० मिली पाणी घालून १५-२० मिनिटं मऊ शिजवा. ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ नको, आंबटामुळे धातू जाममध्ये उतरतो. गर गरम असतानाच बारीक चाळणीवर वाटीने घासून गाळा. मिक्सर लावू नका. बिया फुटल्या की कडवटपणा येतो आणि तो साखरेने जात नाही.

आता गर मोजा आणि वजनाला वजन साखर घाला. साखर कमी करण्याचा मोह आवरा, कारण जाम टिकतो तो तिच्यामुळेच. अर्ध्या साखरेचा जाम फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवावा लागतो.

साखर मंद आचेवर पूर्ण विरघळू द्या, मग आच मोठी करा. पातेलं एक तृतीयांशच भरलेलं असावं; फेस चढतो आणि शिंतोडे चांगलेच भाजतात, म्हणून लांब दांड्याचा लाकडी उलथना घ्या. बारीक फेस जाऊन मोठे, जड बुडबुडे फदफदायला लागले की गॅस बंद करून गार बशीवर थेंब टाका. मिनिटभराने बोटाने ढकलल्यावर सुरकुती पडली तर झाला. वजनाची खूण त्याहून पक्की: १ किलो साखरेला दीड किलो जाम उरला पाहिजे, त्यासाठी रिकामं पातेलं आधीच तोलून ठेवा. थर्मामीटर असेल तर १०५ अंश. तोरणमाळसारख्या उंचीवर पाणीच कमी तापमानाला उकळतं, तिथे त्या उकळबिंदूच्या ४-५ अंश वर धरा.

बरण्या १० मिनिटं उकळून कोरड्या करा आणि गरम बरणीत गरमच जाम भरा, वर अर्धा सेंटिमीटर जागा सोडून. काठ पुसून लगेच झाकण लावा. गार बरणीत भरलात तर काच तडकते; गार जाम भरून झाकला तर जंतू आत राहून बुरशी धरते.

जाम पातळ राहिला तर दुसऱ्या दिवशी परत उकळा. रबरासारखा झाला तर जास्त आटला. थोडं गरम पाणी घालून सैल करा आणि फ्रिजमध्येच ठेवा. साखरेचे खडे धरले तर ती नीट विरघळली नव्हती, नाहीतर जाम फार आटला. बुरशी दिसली तर वरचा थर काढून खाऊ नका, अख्खी बरणी टाका.

खान्देशात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा ओट्याजवळ किंवा पत्र्याखाली बरणी ठेवू नका. अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवा. फोडलेली बरणी फ्रिजमध्ये, आणि चमचा कायम कोरडा.