बॅटरीवर मंद, चार्जरवर लख्ख: लॅपटॉपच्या स्क्रीनचा ब्राइटनेस कसा लावावा

विंडोज ७मध्ये हे काम सोपं होतं. पॉवर प्लॅन उघडला की बॅटरीसाठी एक आणि चार्जरसाठी एक, अशा ब्राइटनेसच्या दोन पट्ट्या शेजारी-शेजारी दिसायच्या. विंडोज १०च्या मे २०१९च्या अपडेटपासून मात्र चार्जर काढला-लावला तरी ब्राइटनेस आहे तिथेच राहतो. त्यामुळे लाइट गेली की स्क्रीन आपोआप मंद व्हावी, असं वाटत असेल तर वाट थोडी वाकडी करावी लागते.

विंडोज ११ (२४एच२ किंवा त्यानंतरची आवृत्ती) असेल तर असं करा:

१. चार्जर लावलेला असताना ‘विंडोज’ आणि ‘ए’ ही बटणं एकत्र दाबा. सूर्याच्या चिन्हाशेजारची पट्टी सरकवून डोळ्यांना बरा वाटेल तेवढा उजेड ठेवा.

२. सेटिंग्ज, सिस्टिम, मग ‘पॉवर अँड बॅटरी’ इथे जा आणि ‘एनर्जी सेव्हर’ उघडा.

३. बॅटरी किती टक्क्यांवर आली की तो आपोआप सुरू व्हावा, ते निवडा. दिवसभर बाहेर असणाऱ्याने ५० ठेवावं, उगाच २०ची वाट बघू नये.

४. तिथेच ‘लोअर स्क्रीन ब्राइटनेस’ चालू करा. मग एनर्जी सेव्हर सुरू झाला की ब्राइटनेस ३० टक्क्यांनी उतरतो आणि चार्जर लावल्यावर पूर्ववत होतो. ‘ऑलवेज यूज’ मात्र बंदच असू द्या, नाहीतर चार्जरवरही स्क्रीन मंदच राहील.

एवढं करूनही स्क्रीन मधेच उजळते-मंदावते? काळ्या पार्श्वभूमीच्या खिडकीतून पांढऱ्याशुभ्र वर्ड फाइलवर गेलात आणि क्षणभराने उजेड हळूच बदलला, तर बॅटरीला दोष देऊ नका. सेटिंग्जमधल्या ‘डिस्प्ले’मध्ये ब्राइटनेसच्या पट्टीजवळचा बाण उघडा. मजकुरानुसार ब्राइटनेस बदलण्याचा पर्याय तिथे असतो. फोटोंचं काम करणाऱ्यांनी तो सरळ ‘ऑफ’ करावा, कारण त्याच्यामुळे रंग फसवे दिसतात. बाकीच्यांना ‘ऑन बॅटरी ओन्ली’ चालेल. हा पर्याय सगळ्याच लॅपटॉपवर नसतो. तरीही उजेड हलत असेल तर ग्राफिक्सच्या अ‍ॅपमध्ये डोकवा: इंटेलच्या अ‍ॅपमध्ये ‘डिस्प्ले पॉवर सेव्हिंग्ज’ आणि एएमडीच्या अ‍ॅपमध्ये ‘व्हॅरी-ब्राइट’ बंद करा.

मॅकबुकवर सेटिंग्जमधल्या ‘बॅटरी’च्या ‘ऑप्शन्स’मध्ये बॅटरीवर स्क्रीन किंचित मंद करण्याचं एकच बटण आहे. लिनक्सवर केडीई हा डेस्कटॉप वापरत असाल तर मजा आहे, तिथे चार्जर, बॅटरी आणि कमी बॅटरी या तिन्हींसाठी वेगवेगळा ब्राइटनेस ठरवता येतो.