लेकीची पैठणी घेताना
पैठणी घ्यायला पुण्यात लक्ष्मी रोडला जाल तर सकाळी दुकान उघडतानाच जा. गर्दी नसली की घड्या निवांत उलगडून दाखवतात. पदर आधी उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीत मोर, मुनिया (पोपट) मागूनही तितक्याच स्वच्छ दिसतात. मागे सुटे धागे लोंबत असतील तर ती बहुधा यंत्रमागाची. मग साडी दारापाशी उजेडात न्या. माझ्या लेकीला दिव्याखाली आवडलेला वांगी रंग उन्हात चक्क तपकिरी निघाला! सिल्क मार्क, म्हणजे अस्सल रेशमाची खूण बघा, पक्कं बिल घ्या.

ब्लाउज मात्र महिनाभर आधी शिवायला टाका. आमचा कार्याच्या आदल्या रात्री आला आणि बाही दंडात अडकली. शिवणीत माया (आत दुमडलेलं जादा कापड) होती म्हणून उसवून निभावलं. शिंप्याला दोन बोटं माया ठेवायला सांगाच.