गिरगावात खोली घ्यायची असेल तर आधी पावती बघा

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची मेट्रो ३ कफ परेडपर्यंत सुरू झाली. गिरगाव स्टेशनातून निघालं की काळबादेवी, सीएसएमटी आणि तिसरं स्टेशन हुतात्मा चौक. तेव्हापासून डोंबिवली-बदलापूरकडची ओळखीची मंडळी सारखी विचारतात, "ताई, तुमच्याकडे एखादी खोली आहे का?" आमचे सासरे गिरगावातली फणसवाडी सोडून डोंबिवलीला गेले होते. आम्ही मुलीला घेऊन इथल्याच मुगभाटात परत आलो. चाळीत राहणारी माणसं आली तरच चाळी टिकतील असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुरुवात भाड्यानेच करा. अकरा महिन्यांचा करार असा धरा की त्यात एक अख्खा पावसाळा येईल. छप्पर गळतं का, जिन्यावर पाणी साचतं का, हे जुलैत आपोआप कळतं. मात्र इथे खोली देणारा बरेचदा स्वतःच पागडीचा भाडेकरू असतो, म्हणजे त्याने एकरकमी पैसे देऊन भाडेकरूचा हक्क घेतलेला असतो. त्याच्याकडे घरमालकाची लेखी संमती आहे का ते विचारा. 'आमच्याकडे सगळे असंच देतात' असं उत्तर आलं तर दुसरी खोली बघा. मालकाने पोटभाडेकरू ठेवल्याचा दावा लावला की त्याच्याबरोबर तुम्हीही बाहेर.

राहून बघितलंत, पटलं, की मग पागडीचा विचार करा. इथे तुम्ही खोलीचे मालक होत नाही, भाडेकरूचा हक्क घेता. त्यामुळे सगळा जीव भाडेपावतीत. पावतीवर विकणाऱ्याचंच नाव आहे का? वडील वारले आणि पावती अजून त्यांच्याच नावाने फाटतेय, असं फार ठिकाणी असतं. तसं असेल तर सगळ्या भावा-बहिणींच्या सह्या झाल्याशिवाय बयाणाही देऊ नका. रिवाजाने घरमालक रकमेच्या साधारण एक तृतीयांश घेतो आणि नवी पावती तुमच्या नावाने करून देतो. हा आकडा कायद्याने ठरलेला नाही, बोलून कमी होतो. तो हिस्सा विकणारा देणार की तुम्ही, हे पहिल्याच बैठकीत ठरवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला मान्यता दिली आहे, तेव्हा पैसे रोखीने द्यायचं काही कारण नाही. चेकने द्या, करार नोंदवून घ्या. बँका पागडीच्या खोलीवर सहसा गृहकर्ज देत नाहीत, त्यामुळे पैशाची सोय आधीच लागते.

आता इमारत. खोली बघायला गेलात की भिंतीच्या रंगाकडे बघू नका, मोरीकडे बघा. मग खालच्या मजल्यावर जाऊन त्या मोरीखालचं छत दाखवायची विनंती करा. मोरीचं पाणी वर्षानुवर्षं झिरपतं आणि लाकडी तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक कुजतं. मधला भाग ठणठणीत दिसतो. त्या टोकाला स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबा. टणक लागलं तर ठीक. लोण्यासारखं आत गेलं, किंवा शेजारी नवा लोखंडी टेकू उभा दिसला, तर स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, कागद मागा. म्हाडाचं दुरुस्ती मंडळ दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींची यादी काढतं, त्यात नाव आहे का तेही बघा.

सप्टेंबर १९४० पूर्वीची इमारत म्हणजे उपकरप्राप्त इमारतींतला 'अ' वर्ग. पुनर्विकासात तिथल्या लहानशा खोलीच्या भाडेकरूलाही किमान ३०० चौरस फुटांचं घर मिळायची तरतूद आहे, आणि पागडीचा भाव त्याच आशेवर चढतो. माझं स्पष्ट मत आहे, त्या आशेचे पैसे मोजू नका. नवी इमारत होईपर्यंतच्या तात्पुरत्या घरांत, म्हणजे संक्रमण शिबिरात, उमेद खर्च झालेली कुटुंबं याच शहरात आहेत. आहे त्या खोलीत पुढची दहा वर्षं राहायला आवडेल का, एवढ्यावर किंमत ठरवा.

शेजाऱ्यांशी बोलायला संध्याकाळी सातनंतर जा, तेव्हा गॅलरीत माणसं असतात. पाणी किती वाजता येतं, टाकी कोण धुतं, संडास मजल्यावर किती घरांत एक, आणि घरमालक दुरुस्तीला पैसे काढतो का, हे विचारा. चाळ कमिटीच्या कार्यवाहांना आवर्जून भेटा. गणपतीची वर्गणी, पाडव्याच्या शोभायात्रेची तयारी, रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर धावपळ, सगळं तिथूनच हलतं. इथे दार उघडं ठेवून राहायची पद्धत आहे. ज्यांना ते जड जातं त्यांनी भाड्याच्या अकरा महिन्यांतच ठरवावं.

सामान आणायच्या आधी जिन्याच्या वळणाची रुंदी टेपने मोजा. डोंबिवलीचं चार दारी कपाट इथे चढत नाही. सुताराला सांगून पोटमाळ्याला फळ्या मारून घ्या, आणि टेम्पो रविवारी सकाळी लवकर बोलवा. दुकानं उघडली की गल्लीत गाडी वळत नाही.