जुन्या पलंग-कपाटाला रंग लावण्याआधी या चुका टाळा

नवी मुंबईत ऐरोली-घणसोलीकडे भाड्याच्या घरांचे अकरा महिन्यांचे करार संपत आले की सोसायटीच्या ग्रुपवर पलंग, कपाटं, ड्रेसिंग टेबलांचे फोटो पडायला लागतात. कुणाची बदली झालेली असते, सामान हलवायचा खर्च परवडत नसतो, मग ‘येऊन घेऊन जा’ म्हणत सौदा होतो. आमच्या बेडरूममधलं जवळजवळ सगळं सामान असंच आलंय. पलंग साडेतीन हजारांचा, लोखंडी कपाट दोन हजारांचं, आरशाचं टेबल फुकट. या सामानावर माझे जे पैसे वाया गेले ते सगळे रंगाचा डबा उघडण्याआधी केलेल्या घाईमुळे. तुमचे जाऊ नयेत.

वस्तू कशाची आहे ते न बघणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. समोरून सगळंच सागवानी दिसतं, म्हणून बघायचं ते मागून आणि खालून. खण पूर्ण बाहेर काढा, कपाटाची पाठ बघा, बिजागरीचा एक स्क्रू सोडवून भोकात डोकावा. अस्सल लाकडाची रेषा फळीच्या कडेवरून वळून पुढे गेलेली दिसते. प्लायच्या कडेला एकावर एक थर दिसतात. पार्टिकल बोर्डमध्ये भुशाचे दाबलेले कण दिसतात, आणि एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंची दाबून केलेली फळी) पुठ्ठ्यासारखा एकसारखा तपकिरी असतो, त्यात रेषाच नसते.

पार्टिकल बोर्डचं सामान पायापाशी फुगलेलं असेल तर फुकट मिळालं तरी घेऊ नका. पाणी पिऊन फुगलेला भुसा परत बसत नाही. त्यात स्क्रू धरत नाही आणि घासला तर तो आणखी सुटत जातो.

आरशाच्या टेबलाच्या बाबतीत माझं चुकलं ते व्हिनिअर, म्हणजे प्लायवर चिकटवलेला अस्सल लाकडाचा पातळ पापुद्रा, न ओळखल्यामुळे. वरचा भाग छान सागवानी होता, त्यावर चहाच्या कपांचे डाग होते. शेजाऱ्यांकडून घासायचं मशीन आणलं, ८० नंबरचा, म्हणजे चांगलाच खरखरीत पॉलिशपेपर लावला आणि सुरुवात केली. मिनिटभरात डाग गेले. त्यांच्या पाठोपाठ सागाचा रंगही गेला आणि तळहाताएवढा फिकट, आडव्या रेषांचा प्लाय उघडा पडला. व्हिनिअरचा थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो, मशीनपुढे तो टिकत नाही. अशा पृष्ठभागाला हातानेच, लाकडी ठोकळ्याला कागद गुंडाळून, आधी १८० आणि मग २२० नंबरने, रेषेच्या दिशेने हलकं घासायचं. थर फुटलाच असेल तर पॉलिशने तो लपत नाही. तेवढ्या भागावर प्रायमर मारून गडद ऑइल पेंटचे दोन हात द्या. आमच्या टेबलाचा वरचा भाग आता गडद हिरवा आहे, पाय आणि खण सागवानी. दिसतं चांगलं.

सनमायकावर पॉलिश चढत नाही, कारण आत शिरायला तिथे लाकूडच नसतं. थेट ऑइल पेंट मारला तर महिन्याभरात नखाने साल निघते. असं झालं असेल तर सुटलेला रंग खरवडून काढा, तेलकटपणा साबणाच्या पाण्याने धुवा आणि चांगलं वाळू द्या. मग चकाकी पूर्ण जाईपर्यंत २२० ने घासा आणि गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर मारूनच रंग द्या. आतला प्लाय धडधाकट असेल तर नवी सनमायका चिकटवून घेणं जास्त टिकाऊ. नुसती कड उचकटली असेल तर आतली धूळ काढून फेविकॉल भरा आणि रात्रभर वजन ठेवा.

किडीकडे दुर्लक्ष

पलंग घरात आणण्याआधी डोक्याकडच्या फळीची मागची बाजू, सांधे आणि स्क्रूची भोकं टॉर्च लावून बघा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. गच्चीवर एक दिवस ऊन दाखवलं की ते जातात ही समजूत खोटी आहे. ते सांध्यांच्या आत सरकून बसतात, म्हणून पलंग पूर्ण सुटा करून प्रत्येक खाच साफ करावी लागते.

लाकडात टाचणीएवढी भोकं असतील तर खाली काळा कागद पसरा आणि चार दिवस थांबा. त्यावर पिठासारखी ताजी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. इंजेक्शनच्या सिरिंजने भोकाभोकात कीडनाशक सोडा, वाळू द्या, आणि नंतरच लांबी (पुट्टी) भरा. रॉकेल ओतू नका. वास महिनोन्महिने जात नाही, वर पॉलिश धरत नाही, आणि झोपायच्या खोलीत आगीचा धोका राहतो. मातीच्या रेघा दिसल्या किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर ती वाळवी. तो सौदा तिथेच सोडून द्या.

पावसाळ्यात पॉलिश

कमी पैशांत अस्सल लाकडाला चपड्याच्या पॉलिशइतकं शोभणारं दुसरं काही नाही, असं माझं ठाम मत आहे. चपडा म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे. काचेच्या बरणीत स्पिरिट घालून रात्रभर भिजवायचे, सकाळी मलमलच्या फडक्याने गाळायचे. पत्र्याच्या डब्यात भिजवू नका, लोखंडामुळे रंग काळपट होतो. लागेल तेवढंच करा, कारण महिनोन्महिने ठेवलेलं द्रावण लावल्यावर नीट वाळत नाही, चिकट राहतं.

मी पलंगाला पहिला हात दिला तो जुलैत, खिडकीबाहेर धो धो पाऊस असताना. तासाभरात डोक्याकडच्या फळीवर दुधाळ साय आल्यासारखं झालं. आमच्या सुतारकाकांनी बघितलं आणि म्हणाले, “ताई, पॉलिश खराब नाही, हवा ओली आहे.” स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, आणि आपल्या खाडीकाठच्या हवेतली ओल त्याच थरात अडकते. उपाय सोपा आहे. कोरड्या दिवसाची वाट बघा, सुती बोळा स्पिरिटमध्ये भिजवून घट्ट पिळा आणि फळीवरून भराभर, न थांबता फिरवा. थर मऊ पडून ओल निघून जाते. तरीही पांढरेपणा राहिला तर ३२० ने उतरवून पुन्हा हात द्या. मुळात हे काम दिवाळीनंतर, सकाळी अकरा ते चारच्या दरम्यान करा. पातळ पाच-सहा हात द्या, जाड दोन नकोत. वन बीएचकेमध्ये स्वयंपाकघर आणि देवघर चार पावलांवर असतं. स्पिरिट उघडं असेपर्यंत गॅस आणि निरांजन दोन्ही बंद.

टेबलाच्या वरच्या भागाला मात्र चपडा लावू नका, गरम कपाचा आणि पाण्याचा डाग लगेच उठतो.

जुन्या थरावर भलताच थर

रंग सुरकुतून वर आला तर समजा, खाली ऑइल पेंट आहे आणि वर तीव्र थिनरचं काहीतरी मारलंय. तो भाग पूर्ण खरवडण्याशिवाय इलाज नाही. म्हणून नवा हात देण्याआधी जुना थर कशाचा आहे ते न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाने तपासा. स्पिरिटने चिकट झालं तर चपडा, थिनरने विरघळलं तर लॅकर, कशालाच दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ही कडक पॉलिशं.

जुना रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाच्या धुळीत शिसं असू शकतं आणि ते लहान मुलांना फार घातक. पाण्याने ओला करून घासा, मास्क लावा, पोरांना त्या दिवशी आजीकडे पाठवा.

लोखंडी कपाटाचा गंज पूर्ण काढून त्याच दिवशी रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर) मारा. रात्रभर उघडं ठेवलं की सकाळी पुन्हा लाली येते. बिजागऱ्या आणि कुलूप रंगाआधी काढून ठेवा.

ढिल्या स्क्रूसाठी मोठा स्क्रू आणू नका. भोकात फेविकॉल लावलेल्या आगकाड्या ठोका, एक दिवस वाळू द्या आणि जुनाच स्क्रू बसवा.

घेण्याआधी लिफ्टचं दार मोजा. सहा फुटी फळी लिफ्टमध्ये मावली नाही तर हमाल मजल्यामागे पैसे मागतात, आणि स्वस्तातला पलंग टेम्पो धरून दुप्पट पडतो.

ऑइल पेंट रात्रभरात हाताला कोरडा लागतो, पण आतून आठवडाभर मऊच असतो. दुसऱ्याच दिवशी कपडे रचले की कापडाची वीण रंगात उमटते आणि दारं चौकटीला चिकटतात. आम्ही आठ दिवस गादी जमिनीवर टाकून झोपलो, कपाटाची दारं सताड उघडी ठेवली. खण तरीही अडकत होते, त्यांच्या खालच्या कडांवर देवघरातली मेणबत्ती चोळली, तेव्हापासून एका बोटाने सरकतात.