ॲप गिऱ्हाइकाच्या फोनवर का टिकत नाही? या चुका टाळा

नागपुरात इतवारीतला स्टेशनरीवाला असो, कळमन्यातला अडत्या असो की धरमपेठेतलं बुटीक, स्वतःचं ॲप सगळ्यांनाच हवं असतं. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह या ॲप बांधायच्या फ्रेमवर्कमुळे एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींचं काम भागतं. दुकानदाराला दाखवताना ॲप छान चालतं. गिऱ्हाईक मात्र एकदा उघडतं आणि काढून टाकतं. मग "हे फ्रेमवर्कच हलकं" असा शेरा बसतो. बहुतेक वेळा दोष दुसरीकडे असतो. केबल लावून तपासलेली असते डीबग, म्हणजे चुका शोधायची आवृत्ती, गिऱ्हाइकाला मिळते रिलीज, म्हणजे वापरायची आवृत्ती, आणि खालच्या बऱ्याच अडचणी या फरकातून येतात.

नुसतं चक्र फिरत राहतं

फ्लटरच्या नव्या प्रकल्पात इंटरनेटची परवानगी डीबग आणि प्रोफाइल या फोल्डरांतल्या मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या परवानग्या लिहायच्या फायलीत) आपोआप येते, मेन फोल्डरमधल्या मॅनिफेस्टमध्ये येत नाही. रिलीज आवृत्ती त्यामुळे सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. ती ओळ मेनमध्ये ॲप्लिकेशन टॅगच्या बाहेर स्वतः लिहा. रिॲक्ट नेटिव्हमध्ये याचा भाऊबंद म्हणजे साध्या एचटीटीपीचा पत्ता. अँड्रॉइड ९ पासून अशी विनंती मुळातच अडवली जाते. डीबगमध्ये तिला सूट असते, म्हणून चूक दिसत नाही. सर्व्हरला एचटीटीपीएस प्रमाणपत्र बसवा.

व्हॉट्सॲपवर एपीके पाठवू नका

फ्लटरने कोणताही पर्याय न देता एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवायची फाईल, बांधलं, तर त्यात तीन प्रकारच्या प्रोसेसरांचा कोड एकत्र भरला जातो. फोनला लागतो त्यातला एकच. प्ले स्टोअरसाठी ॲप बंडल बांधा, म्हणजे प्रत्येक फोनला फक्त त्याच्यापुरता भाग मिळतो. आकारापेक्षा मोठा अडथळा भीतीचा आहे. लग्नपत्रिका, आरटीओ चलान अशा नावांनी आलेल्या एपीके फायलींमुळे लोकांची खाती रिकामी झाली आहेत. असली फाईल न उघडणारं गिऱ्हाईक अगदी बरोबर वागतं.

दिवाळीच्या तोंडावर ॲप देण्याचा शब्द दिला असेल, तर एक हिशेब आधीच करा. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक प्ले खात्याला किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते, आणि त्यानंतरच ॲप सर्वांसाठी खुलं करण्याचा अर्ज करता येतो.

ओटीपी आणि गूगल लॉगिन: तीन चाव्यांचा घोळ

सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं इथे गळतात, म्हणून हे सावकाश वाचा. ॲपवर डिजिटल सही करायला चावी लागते. तुमच्या लॅपटॉपवर डीबग चावी असते. प्ले स्टोअरवर बंडल चढवताना अपलोड चावी लागते. गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या ॲपवर मात्र गूगलकडे असलेली तिसरीच चावी उमटते. लॉगिन सांभाळणाऱ्या गूगलच्या फायरबेस सेवेत फक्त पहिल्या दोन चाव्यांचे ठसे (चावी ओळखायचे संकेत) नोंदवले असतील, तर तुमच्याकडे लॉगिन चालतं आणि स्टोअरवरून घेतलेल्या ॲपमध्ये त्रुटी क्रमांक १० येतो.

उपाय असा: प्ले कन्सोलमध्ये ॲप साइनिंगचं पान उघडा. तिथला एसएचए-१ आणि एसएचए-२५६ ठसा उचला, फायरबेसच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये टाका. मग गूगल सर्व्हिसेसची जेसन फाईल नव्याने उतरवून ॲप पुन्हा बांधा.

ओटीपी आपोआप वाचला जात नसेल, तर मूळ तेच आहे. एसएमएसच्या शेवटी येणारा ११ अक्षरांचा संकेत ॲपचं पॅकेज नाव आणि चावी यांवरून तयार होतो. तो गूगलच्या चावीवरून काढा. डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी व्यवस्थेत) मंजूर साच्यात जुना संकेत लिहिलेला असेल, तर साचाही बदलून घ्या. तपासणी प्लेच्या इंटर्नल टेस्टिंग लिंकवरून ॲप घेऊनच करा, केबलवर हा दोष कधीच दिसणार नाही.

यूपीआयचं बटण दाबल्यावर फोनमध्ये असलेलं एकही ॲप दिसत नाही? अँड्रॉइड ११ पासून दुसरी ॲप्स पाहायची, तर मॅनिफेस्टच्या क्वेरीज विभागात यूपीआय स्कीम, म्हणजे यूपीआय लिंकची सुरुवात, नोंदवावी लागते.

मराठी अक्षरं

नागपुरात मराठी बोलणाऱ्या अनेकांचा फोन हिंदी किंवा इंग्रजीवर लावलेला असतो. ॲपची भाषा फोनच्या सेटिंगवरून ठरवली, तर त्यांना मराठी दिसतच नाही. पहिल्याच पडद्यावर भाषा विचारा.

"कोऱ्या वह्या" शोधल्यावर काही सापडत नसेल, तर साठवलेला मजकूर तपासा. "ऱ्या"मधला हा र दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकासाठी वेगळे. त्यात कुणी मजकूर साफ करताना अदृश्य चिन्हं काढून टाकली, की "कोर्या" उरतं. आधी दुसरा प्रकार पहिल्यात बदला, सफाई नंतर करा.

लांब नाव सबस्ट्रिंगने कापलं, तर मात्रा तुटते, आणि उरलेला तुकडा मात्रेने सुरू झाला तर ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. डार्टमध्ये (फ्लटरच्या भाषेत) कॅरेक्टर्स पॅकेजने पूर्ण अक्षर मोजून कापा. ओळीची उंची १.० ठेवली, तर रफार किंवा उकार छाटला जाऊ शकतो, १.४ ते १.५ ठेवा. मराठी कीबोर्डवरून "२५" आलं, तर डार्टचं आकडे वाचणारं फंक्शन ते नाकारतं. वाचण्याआधी देवनागरी अंक बदलून घ्या, नाहीतर कळमन्यातल्या माणसाला वजनाची चौकट का अडते ते कळणार नाही.

फोटो आणि ऊन

४००० गुणिले ३००० पिक्सेलचा फोटो उघडला, की मेमरीत ४८ एमबी जागा घेतो, मग फाईल कितीही लहान असो. यादीत असे दहा फोटो आले, की ३ जीबी रॅमचा फोन ॲप बंद पाडू शकतो. सर्व्हरवरच ६०० पिक्सेलची प्रत करा, फ्लटरमध्ये फोटो लहान करून उघडणारी कॅशविड्थही द्या.

वेग डीबगमध्ये मोजू नका, त्यासाठीच असलेल्या प्रोफाइल आवृत्तीत मोजा, आणि तोही स्वस्त फोनवर. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तापलेला फोन प्रोसेसरचा वेग आणि पडद्याचा उजेड दोन्ही कमी करतो. फिकट राखाडी अक्षरं तेव्हा दिसेनाशी होतात. भर दुपारी सीताबर्डीच्या बाजारात उभं राहून ऑर्डरचं पान वाचता येतं का, ते एकदा पाहा.