शिकागोत मेंटॉर व्हायचंय? फॉर्म भरायच्या आधी हे वाचा

मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, की तू ते साउथ साइडच्या, म्हणजे शिकागोच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांतल्या, पोरांना बंदुकीच्या भानगडींपासून लांब ठेवायला भेटायला जातोस ना, मलाही काहीतरी करायचंय, काय करावं लागतं. तेवढ्यात मागून वहिनी विचारतात, भीती नाही का वाटत. म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू.

पहिलं म्हणजे डोक्यातला सिनेमा काढून टाका. खिशात बंदूक घेऊन फिरणाऱ्याला समजवायला तुम्ही जाणार नाही आहात, ते काम वेगळ्या माणसांचं. गॅरी स्लटकिन नावाच्या साथरोगांच्या डॉक्टरने २००० साली शिकागोच्या वेस्ट गारफिल्ड पार्क वस्तीत गोळीबार थांबवायचा सीझफायर नावाचा उपक्रम सुरू केला, आता त्याला क्युअर व्हायलन्स म्हणतात, त्यात भांडणात मधे पडणारी माणसं त्याच गल्ल्यांत वाढलेली असतात, काहीजण जेलमधे राहून आलेली, म्हणून लोक त्यांचं ऐकतात. माझं कोण ऐकणार, मी नेपरव्हिलसारख्या उपनगरातून होंडा घेऊन येणारा आयटीवाला!

आपलं काम त्याच्या खूप आधीचं. तेरा-चौदा वर्षांचं पोरगं, अजून कुठल्याच गँगमधे नाही, पण चुलतभाऊ आहे, वर्गातला दोस्त आहे, आणि इन्स्टावर कुणीतरी काहीतरी बोललंय. अमेरिकेत १ ते १९ वयातल्या मुलांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण २०२० पासून बंदूक आहे, गाडीचे अपघातसुद्धा मागे पडले. आणि बरेचदा मागे काही मोठं प्लॅनिंग नसतं, दहा मिनिटांचा राग असतो आणि बंदूक हाताशी असते.

ही दहा मिनिटं कशी निभवायची तेच शिकवणारा प्रोग्राम म्हणजे बिकमिंग अ मॅन, यूथ गायडन्स नावाची संस्था शिकागोच्या शाळांत २००१ पासून चालवते. त्यातला एक खेळ मला फार आवडतो. जोड्या लावतात, एकाच्या हातात बॉल, दुसऱ्याने ३० सेकंदांत तो काढून घ्यायचा. बहुतेक पोरं मूठ उघडायला झटापट करतात, हात पिरगाळतात, जमिनीवर लोळतात. मग काउन्सेलर शांतपणे विचारतो, अरे नुसता मागितला का नाहीस? समोरचा म्हणतो, मागितला असता तर दिला असता की, बॉलच तर आहे. शिकागो युनिव्हर्सिटीने चिठ्ठ्या टाकल्यासारखी मुलं निवडून अभ्यास केला, तर प्रोग्राम चालू असताना हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. ‘चालू असताना’ हे नीट वाचा, कारण माझं सगळं म्हणणं तिथंच येतं, एक चांगलं भाषण देऊन काही होत नाही, येत राहावं लागतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं. बिकमिंग अ मॅनमधे काउन्सेलर पगारी असतात, तिथं आपण शनिवारी उगवून चालत नाही. आपल्यासारख्यांना सोपी वाट म्हणजे बिग ब्रदर्स बिग सिस्टर्ससारखी एकास-एक जोडी लावणारी संस्था, हे काम १९०४ पासून चालू आहे. फॉर्म, बॅकग्राउंड चेक, ओळखीच्यांचे रेफरन्स, इंटरव्ह्यू, ट्रेनिंग, सगळ्याला वेळ लागतो, चिडू नका, उलट जिथं काहीच न तपासता मूल हातात देतात तिथून लांब राहा. आणि वर्षभर जमणार असेल तरच हो म्हणा. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांत मुलांचा स्वतःवरचा विश्वास आधीपेक्षा कमी होतो असं संशोधनात दिसलंय. आपल्यात व्हिसा, लेऑफ, अचानक टेक्सासला शिफ्ट हे चालूच असतं, तर खात्री नसेल तर ऑफिसमधे उन्हाळ्याच्या नोकरीसाठी एखादा मुलगा घ्यायला लावा. २०१२ मधे शिकागोने ८ आठवड्यांच्या अशा नोकऱ्या दिल्या, सोबत एक मोठा माणूस लक्ष ठेवायला, आणि पुढच्या १६ महिन्यांत त्या मुलांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४३ टक्के कमी होत्या.

भेटायची जागा आपल्या जोडीतल्या मुलालाच विचारा. मी पहिल्याच महिन्यात गाढवपणा केला, छान पिझ्झाचं दुकान शोधलं, त्याच्या घरापासून चार ब्लॉकवर, तासभर बसलो, तो आलाच नाही. मला वाटलं बेफिकीर आहे. नंतर कळलं मधला एक रस्ता ओलांडणं त्याला शक्य नव्हतं, पलीकडे दुसऱ्या गँगची पोरं. तो फक्त म्हणाला, तिकडं नको. त्यानंतर आम्ही लायब्ररीत बसतो, दार दिसेल अशी खुर्ची त्याची.

बंदुकीबद्दल आपणहून विचारू नका, गँगबद्दल तर नाहीच. बुद्धिबळ, गणित, बूट, बास्केटबॉल, काहीही चालेल. पण पहिल्या दिवशीच एक सांगून टाका, की तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका आहे असं कळलं तर मी ते लपवणार नाही. तशी वेळ आली तर संस्थेच्या माणसाला लगेच फोन, स्वतः मधे पडायचं नाही. आणि स्वतःला संपवायचं बोलला तर ९८८ या हेल्पलाइनला फोन, कारण इथं बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत अर्ध्याहून जास्त आत्महत्या असतात, हे आपल्याकडे कुणाला माहीतच नसतं.

पैसे देऊ नका. कॅलिफोर्नियातल्या रिचमंडमधे गोळीबारात अडकू शकणाऱ्या पोरांसाठी फेलोशिप आहे, त्यात दरमहा स्टायपेंड मिळतो हे खरंय, पण तिथं दीड वर्षाचा प्रोग्राम आहे, रोज कुणीतरी भेटतं, ठरवलेल्या गोष्टी केल्या तरच पैसे. तुमचे वीस डॉलर म्हणजे नुसतं नातं बिघडवणं.

डिसेंबरात इंडियाला जाणार असाल तर तारखा आधीच सांगा, आणि आल्यावरचा पहिला शनिवार जेटलॅग असला तरी चुकवू नका. मी चिवडा घेऊन गेलो होतो. साहेबांनी त्यातले शेंगदाणे तेवढे निवडून खाल्ले आणि उरलेली पिशवी गाठ मारून माझ्याकडे सरकवली.