लाल ठिपक्याचे पैसे देण्याआधी

सोलापुरात नवी पेठेत किंवा ओळखीतून जुना लायका डिजिटल कॅमेरा 'स्वस्तात' मिळतोय म्हणून कुणी सांगितलं, तर आधी पाकीट आत ठेवा. लायकाचे बरेच जुने छोटे डिजिटल कॅमेरे पॅनासॉनिकबरोबर बनलेले; तेच कॅमेरे पॅनासॉनिक 'लुमिक्स' नावानं विकायची. 2008 चा डी-लक्स 4 म्हणजे आतून लुमिक्स एलएक्स3च: तोच 10 मेगापिक्सेलचा सेन्सर, तीच 24-60 मिमीची लेन्स. फरक अंगावरच्या कपड्यांचा. एलएक्स3ला पुढून बोटं टेकायला उंचवटा आहे, डी-लक्सचं तोंड सपाट. लायकाची खूण असलेला लाल ठिपका मात्र स्टिकर म्हणूनही मिळतो, त्यावर जाऊ नका.

कॅमेरा खरंच लायका आहे का, याची खात्री करायची तर एक फोटो काढा, मोबाईलवर घ्या आणि त्याचे तपशील उघडा. कंपनी आणि मॉडेल तिथं लिहिलेलं असतं. रॉ फोटो (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाईल) असेल तर या जोडीत आणखी सोपं: एलएक्स3ची फाईल आरडब्ल्यू2, डी-लक्स 4ची आरडब्ल्यूएल.

2004 चा लायका डिजिलक्स 2 आणि लुमिक्स एलसी1 हीही अशीच जोडी. डिजिलक्स गोलसर, एलसी1 कोनदार. सेन्सर एकच, त्यामुळे तो बिघडण्याचा आजारही दोघांना. चित्रात पट्टे किंवा जांभळट रंग दिसला तर सोडून द्या. आणि या दोघांना तपासायला कार्ड 2 जीबीपर्यंतचंच न्या, मोठं चालणार नाही.

जेपीईजीच्या, म्हणजे कॅमेऱ्यातून तयार होऊन येणाऱ्या नेहमीच्या फोटोंच्या, रंगांत थोडा फरक असतो, हे खरं. पण गड्ड्याच्या यात्रेतले फोटो मोबाईलवरच बघायचे असतील, तर मी लुमिक्सच घेईन.